सतरावं पान

"सतराव्या पानावर शिक्का मार, पोरी. पहिल्यावर तर मारायचाच, पण सतरावं विसरू नकोस. चोर पहिलं पान फाडतो. सतराव्याकडे त्याचं लक्षच जात नाही."

फ्लूरा एजेचा हा आवाज असिपाच्या कानात गेली बावीस वर्षं घर करून होता. फ्लूरा एजे म्हणजे किर्गिझ मुलखातल्या कराकोल गावच्या जुन्या वाचनालयातली तातार बाई. काडीसारखी बारीक, खांद्यावर बारा महिने करडी लोकरीची शाल. वयाने मोठी म्हणून सगळं गाव तिला एजे म्हणायचं. शिक्का ती शाईच्या गादीवर दोनदा दाबायची, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग पानाच्या खालच्या कोपऱ्यात अलगद टेकवायची. सतराच का, असं असिपाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"सोळा पानांची एक घडी असते. ती निखळून हरवली, तरी दुसरी घडी सांगते की मी कुणाची." मग चष्म्यावरून बघत एजे पुढे म्हणाली होती, "आणि ऐक. जे आपलं नाही त्यावर आपला शिक्का नाही. कितीही नड असली तरी नाही. एवढं सांभाळलंस तर मी निश्चिंत."

असिपाने मान हलवली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मान हलवणं सोपं होतं.

आता त्या गोष्टीला तेवढीच वर्षं उलटली होती. फ्लूरा एजे गावाबाहेरच्या टेकडीवर मातीखाली निजली होती आणि असिपा तेस्केय विद्यापीठाची ग्रंथपाल होती. नोव्हेंबरातल्या मंगळवारी दुपारचा नमाज आटोपून ती वाचनकक्षात आली, तर दाराशी अठरा खोकी रचून ठेवलेली. त्यातल्या एकावर मैरम बसली होती. पुस्तकांच्या याद्या करणारी मैरम पन्नाशीची, अंगाने भरलेली आणि जिभेने मोकळी. सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं ती हातरुमालात जमवत होती.

"मैरम एजे, हे काय?"

"आभाळातून पडलं. डीनसाहेबांच्या आभाळातून. आपण दोघींनी दोन वर्षं एकेका पुस्तकासाठी चपला झिजवल्या, आणि त्यांनी एका ट्रकात सगळं आणून टाकलं. मोजून चारशे बारा."

चारशे बारा! हा आकडा तिला झोपेतही पाठ होता.

गुरुवारी बिश्केकहून तपासणी समिती येणार होती. व्यवसाय व्यवस्थापन विभाग सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, पण कायमची मान्यता अजून मिळाली नव्हती. नियम असा की प्रत्येक विषयाला दर दोन विद्यार्थ्यांमागे एक पुस्तक हवं, तेही दहा वर्षांच्या आतलं. या विभागासाठी तो हिशोब सोळाशे पुस्तकांवर जात होता. असिपाच्या फडताळात अकराशे अठ्ठ्याऐंशी होती. मान्यता नाकारली गेली तर नव्या वर्षात विभागाला कुलूप लागणार होतं. मुलगे कसेबसे बिश्केकला जातील. पण वरच्या खोऱ्यांतल्या त्या मुली, ज्यांच्या बापांनी 'कराकोलपर्यंतच, पुढे नाही' असं बजावून पाठवलं होतं, त्या घरी परततील आणि परत येणार नाहीत. असिपाला त्यांची तोंडं ठाऊक होती. कोण कुठल्या खुर्चीवर बसते, कोण पुस्तकात वाळलेलं पान ठेवते, सगळं ठाऊक होतं.

ती अकराशे अठ्ठ्याऐंशी पुस्तकं तिने भाजी निवडावी तशी निवडली होती. परदेशातून दान म्हणून चाळीस खोकी आली होती तेव्हा सगळे हरखले. उघडून बघते तर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारावरच्या एकाच पुस्तकाच्या सत्तावीस प्रती. तिने दोन ठेवल्या आणि बाकीच्या नम्रपणे पुढे पाठवल्या. प्राध्यापकांनी दिलेल्या याद्यांतली निम्मी पुस्तकं छापायची बंद झाली होती. मग ती वही घेऊन बाजारात गेली. लोखंडी कंटेनरमध्ये दुकान थाटलेल्यांना, दूध जमा करणाऱ्यांना, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकांना एकच प्रश्न विचारला, 'तुमच्याकडे कामाला येणाऱ्या पोराला काय यायला हवं?' कुणी म्हणालं, भाव ठरवता यायला हवा. कुणी म्हणालं, करार वाचता यायला हवा. किर्गिझ भाषेत या विषयांवर फारसं काही नव्हतंच. अल्माटीहून, बिश्केकहून, कुठे एक, कुठे तीन अशी करत तिने तो संग्रह उभा केला होता. बाजारात केलेल्या टिपणांच्या निळ्या फायली तिने एका खणात वेगळ्या लावल्या होत्या. मुलं त्यावर उड्या टाकत, पण समितीच्या मोजणीत त्या धरल्या जात नसत.

तिने वरच्या खोक्यातलं एक पुस्तक उचललं. विक्रीकलेचं होतं, चांगलं, तीन वर्षांपूर्वीचं. पहिल्या पानावर चकचकीत नवा स्टिकर, 'तेस्केय विद्यापीठ ग्रंथालय'. असिपाचं बोट सवयीने पुढे सरकलं. पंधरा, सोळा, सतरा.

खालच्या कोपऱ्यात निळा लंबगोल शिक्का होता. बालिकची गावच्या व्यापार शिक्षण संस्थेचा.

तिने दुसरं उघडलं, तिसरं, दहावं. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तेस्केय आणि सतराव्यावर बालिकची.

"पाहिलंस ना?" मैरम हळूच म्हणाली. "डीनच्या कचेरीतल्या पोरींनी रात्रभर बसून चिकटवलंय. सतराव्या पानाचं त्या बिचाऱ्यांना काय माहीत. त्या संगणकावर वाढलेल्या."

"समितीत कोण आहे?"

"शायरकुल असानोव्ना. आधी राष्ट्रीय ग्रंथालयात होती म्हणे, तीस वर्षं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेली बाई पुस्तक हातात घेते तेव्हा आधी कुठलं पान उघडते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

डीनला सांगावं, तर तो सतरावंही झाकून घेईल आणि त्या लबाडीला तिचाच हात लागेल. न सांगावं, तर गुरुवारी सगळं उघडं पडेल, विभाग बुडेल, आणि मुलींना घरी पाठवण्यात तिच्या गप्प बसण्याचाही वाटा असेल. ती पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात डीन स्वतःच आले. तलाय नाव, पण मोठेपणाच्या मानाने सगळे बाइके म्हणत. उंचेपुरे, कोट नेहमी उघडा, बोलणं नेहमी उभ्या उभ्या.

"काय, असिपा? झालं की नाही तुझं सोळाशे? आता हसून दाखव."

"तलाय बाइके, ही बालिकचीची आहेत."

"होती. तिथला संचालक माझा वर्गमित्र. तीन दिवसांसाठी दिलीत. तू फक्त दाखल नोंदवहीत चढव आणि खाली सही कर. गेल्या वर्षीची तारीख टाक म्हणजे झालं."

"मी नाही चढवू शकत."

"हात दुखतोय का?"

"आपली नाहीत, बाइके."

डीनने मैरमकडे पाहिलं. मैरम रुमालातली टरफलं मोजत असल्यासारखी खाली बघत होती.

"हे बघ," डीन आवाज खाली आणून म्हणाले, "दोनशे मुलांचा प्रश्न आहे. तुझ्या एका सहीवर अडलाय. तू देवभीरू आहेस, मान्य. मग त्या मुलांना रस्त्यावर काढण्याचं पाप कुणाच्या माथ्यावर? उद्या मी समितीला आणायला बिश्केकला जातोय. परत येईन तेव्हा वही भरलेली हवी. नाहीतर ती भरायला दुसरी बाई मिळेल. पदवीधर मुली पुष्कळ आहेत गावात."

ते गेले. जाताना खोक्यातलं एक पुस्तक कुलगुरूंना दाखवायला म्हणून उचलून नेलं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना फोन वाजला. पलीकडची बाई धापा टाकत बोलत होती.

"तेस्केय विद्यापीठ ना? मी बालिकचीहून उलबोसून. व्यापार संस्थेची ग्रंथपाल. माझी पुस्तकं तुमच्याकडे आहेत का गं बाई?"

असिपा खुर्चीवर बसली. "आहेत, एजे. चारशे बारा."

"अल्ला! मला सांगितलं बांधणीला नेली. ट्रकवाला पचकला म्हणून कळलं. अगं, माझ्या मुलांची सोमवारी परीक्षा आहे. मी पस्तीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही, आणि आता रिकाम्या फडताळांपुढे बसलेय. पोरं येतात, विचारतात, मी काय तोंड दाखवू? परत येतील ना?"

"येतील."

"कधी?"

असिपाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. "शुक्रवारी. दुपारच्या आत तुमच्या दारात असतील."

"तुझा शब्द?"

"माझा शब्द, एजे. फक्त एक करा. मी उसनवारीचा कागद करते, ग्रंथालयाने ग्रंथालयाकडून मागवल्याचा. तुमची संमती त्यावर हवी. शुक्रवारपर्यंत ती तुमच्या परवानगीने इथे राहिली, असं होऊ दे."

मग उलबोसून एजे म्हणाली, "पाठव. शुक्रवारपर्यंत परवानगी. नाव काय तुझं?"

"असिपा."

"कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"फ्लूरा एजेच्या."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी असिपाने सकाळीच विजेची किटली वाचनकक्षात आणून ठेवली. पाणी उकळलं की पहिलं पान वाफेवर धरायचं, स्टिकर सैल झाला की पाव कापायच्या बोथट सुरीने तो अलगद सोडवायचा. कागदाला ओरखडा उठता कामा नये. मैरम सुरुवातीला कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"माझीही जाईल. माझ्या नवऱ्याच्या मिनीबसवर दोघांचं भागत नाही, माहितीय ना?"

"तुम्ही घरी जा, मैरम एजे. तब्येत बरी नाही म्हणा."

"माझी तब्येत? घोड्याला लाजवेल अशी तब्येत आहे माझी," असं म्हणून मैरमने बाह्या सारल्या आणि दुसरी किटली आणायला गेली.

दिवसभर दोघी वाफेत उभ्या होत्या. खिडक्यांची तावदानं धुरकट झाली. मुलं येत, बघत आणि काही न विचारता दुसऱ्या टोकाला बसत. सोडवलेली पुस्तकं असिपाने एका वेगळ्या फडताळात लावली आणि वर पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'बालिकची व्यापार शिक्षण संस्थेकडून मागवलेली. शुक्रवारी परत.'

चारच्या सुमारास तिने डीनला फोन लावला. न सांगता करायचं तिला जमत नव्हतं. फोनवर गाडीचा घरघराट ऐकू येत होता.

"बाइके, मी त्या पुस्तकांवरचे कागद काढले."

"कुठले? गुंडाळायचे? काढ, काढ! नीट मांडून ठेव, चकाचक दिसलं पाहिजे!"

"गुंडाळायचे नाहीत, बाइके, वर चिकटवलेले..."

"ऐकू येत नाही! आम्ही बूमच्या घाटात..." आणि आवाज तुटला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. घाट संपेपर्यंत आणि संपल्यावरही तो लागला नाही.

पाचला शेवटचं खोकं रिकामं झालं. मैरमने मोजदाद केली, नाक खाजवलं आणि परत मोजलं.

"चारशे अकरा."

"असं कसं?"

"एक कमी आहे. काल चारशे बारा होती. मी स्वतः मोजली होती."

टेबलांखाली, खोक्यांच्या तळाशी, फडताळांच्या मागे, दोघींनी सगळीकडे शोधलं. ते सापडलं नाही. असिपाला त्या रात्री झोप अशी लागलीच नाही. गुरुवार तिच्या रोज्याचा दिवस. सोमवार आणि गुरुवार ती वर्षानुवर्षं धरत आली होती. पहाटे दोन खजूर आणि पाणी घेऊन ती नमाजाला उभी राहिली. पुष्कळ काही मागायचं मनात होतं, पण तोंडून एवढंच आलं की माझी जीभ वाकडी होऊ देऊ नकोस.

सकाळी दहाला समिती आली. इतर सभासद वर्ग बघायला गेले. ग्रंथालयात आली ती एकटी शायरकुल असानोव्ना. ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात चामड्याची जुनी पिशवी. मागून तलाय बाइके हसत हसत आले. त्यांची नजर खोलीभर फिरली, पुठ्ठ्यावर आली आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून डोळ्यांतून निघून गेलं.

"चहा घ्या ना," ते घाईघाईने म्हणाले. "बोरसोक आहेत ताजे, आताच तळलेले. असिपा, चहा दे."

"नंतर," शायरकुल असानोव्ना म्हणाल्या. "तुम्ही घेत नाही का?" हे त्यांनी असिपाला विचारलं.

"माझा रोजा आहे."

"हं." त्या पुठ्ठ्यापुढे थांबल्या. तो वाचला. उसनवारीचा कागद मागितला, उलबोसून एजेची संमती पाहिली, तारीख पाहिली. "म्हणजे ही मोजायची नाहीत."

"नाहीत."

"तुमची स्वतःची किती?"

डीन खाकरले. "हे पाहा, एकंदर सोळाशे..."

"मी ग्रंथपालांना विचारतेय."

"अकराशे अठ्ठ्याऐंशी," असिपा म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मैरमला वाटलं, बाईंना ऐकू गेला नसेल. पण त्यांनी लिहून घेतलं.

मग त्या फडताळांकडे वळल्या. एक पुस्तक काढलं. पहिलं पान, मग एका झटक्यात सतरावं. तेस्केयचा जांभळा शिक्का. ठेवलं. दुसरं काढलं. तेस्केय. ठेवलं. तिसऱ्याचं मागचं पान उघडून पुस्तक नेल्या-आणल्याच्या तारखांची चिठ्ठी पाहिली. ती वरपासून खालपर्यंत भरली होती आणि तिच्याखाली दुसरी जोडली होती. बाई किंचित थांबल्या. चौथं पुस्तक होतं वाटाघाटींवरचं, वरच्या ओळीत टोकाला कुणीतरी घाईत खोचलेलं. असिपाने ते ओळखलं नाही. आपल्या फडताळातलं एक पुस्तक आपण ओळखत नाही, हे कळल्याबरोबर ती एक पाऊल पुढे आली.

पहिलं पान. चकचकीत स्टिकर. सतरावं पान. निळा लंबगोल.

किटलीचं झाकण तडतडत होतं. डीन खिडकीबाहेर पाहू लागले. काल बिश्केकला निघण्याआधी कुलगुरूंच्या खोलीतून परत आणून हे त्यांनीच तिथे खोचलं होतं; त्यांचाच हात, एवढं असिपाला त्यांच्या वळवलेल्या मानेवरून कळलं.

"हे काय आहे?" शायरकुल असानोव्नांनी विचारलं.

"बालिकचीचं पुस्तक आहे," असिपा म्हणाली. "त्यावर आमचा स्टिकर लागला होता. सगळ्या चारशे बारांवर लागला होता. काल चारशे अकरांचे काढले. हे सापडलं नव्हतं."

"कुणी लावले?"

डीनच्या खांद्यांची हालचाल थांबली. असिपाने आपल्या हातांकडे पाहिलं. वाफेने बोटांची कातडी अजून सुरकुतलेली होती.

"ग्रंथालयातल्या पुस्तकांची जबाबदार मी आहे," ती म्हणाली. "लागले तेव्हाही मीच होते."

बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "किटली गरम आहे. वाफेवर धरा."

असिपाने तिथेच, त्यांच्यासमोर, पान वाफेवर धरलं. स्टिकर सुटायला दोन-तीन मिनिटं लागली. शायरकुल असानोव्नांनी दरम्यान निळ्या फायलींचा खण उघडला होता आणि उभ्यानेच एक फाईल वाचत होत्या. वाचता वाचता एकदा त्या हसल्या. "ही दूधवाली बाई खरी आहे का?"

"आक-सू गावची आहे. अजून धंदा करते."

"हे नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या आणि फाईल जागेवर ठेवली, पण नीट, कडा जुळवून.

दुपारी त्यांनी निकाल सांगितला. गोड नाही, कडूही नाही. मान्यता आज देता येणार नाही. पंधरा मार्चपर्यंत मुदत. तोवर वर्ग चालतील, नवे प्रवेश बंद. पंधरा मार्चला स्वतःची चारशे बारा पुस्तकं आणखी हवीत, नाहीतर विभाग बंद. आणि हे मोजायला त्या स्वतः येतील. निघताना दाराशी थांबून त्या असिपाला म्हणाल्या, "गेल्या महिन्यात एका ठिकाणी मी चार हजार पुस्तकं पाहिली. एकाचीही चिठ्ठी भरलेली नव्हती." एवढंच. आणि गेल्या.

डीन त्यांना गाडीपर्यंत सोडून परत आले तेव्हा असिपाला वाटलं, आता फुटणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि चक्क हसले.

"तुझ्या या भोळेपणाने मला घोड्यावरून पाडलंच होतं. पण चार महिने मिळाले. आता ऐक. ही पुस्तकं परत करायची नाहीत."

"म्हणजे?"

"वर्गमित्राशी बोललोय. तो म्हणेल, छप्पर गळलं, भिजली, फेकून दिली. त्याचं ग्रंथालय तसंही कुणी तपासत नाही. शनिवारी माझ्या पोरी येतील. तुम्ही दोघी त्यांना दाखवा ते सतरावं की काय ते पान. पातळ कागद चिकटवा, वर आपला शिक्का मारा. मार्चला सोळाशे तयार."

"बाइके, त्यांच्या मुलांची सोमवारी परीक्षा आहे."

"त्यांची मुलं त्यांनी बघावीत. तू आपली बघ. त्या मुलींना परत पाठवायचंय का तुला?"

"नाही."

"मग?"

"मी त्यांच्या ग्रंथपाल बाईंना शब्द दिलाय. शुक्रवारचा."

डीन उठले आणि कोट झटकला. "शब्दावर शिक्का नसतो, असिपा," ते म्हणाले आणि दार लोटून गेले.

मैरम इतका वेळ कोपऱ्यात किटलीचं तोंड पुसत होती. "मार्चपर्यंत चारशे बारा," ती स्वतःशीच पुटपुटली. "कुठून आणणार आहेस?"

"जिथून अकराशे आणली तिथून."

"त्याला दोन वर्षं लागली."

"माहीत आहे." असिपा उसनवारीचा कागद घडी करत होती. "मैरम एजे, उद्या कुबात दादांची मिनीबस किती वाजता निघते?"

मैरमने तिच्याकडे पाहिलं. मग किटली खाली ठेवली. "सातला. पण सांगितलं तर सहाला निघेल. प्रवाशांशिवाय निघेल, एवढंच. घरी मी बघून घेते त्याला."

शुक्रवारी पहाटे नमाजानंतर असिपाने डीनच्या टेबलावर एक कागद ठेवला. चारशे बारा पुस्तकं, कुठून आली, कुठे चालली, खाली तिची सही आणि आजचीच तारीख. कागद उडू नये म्हणून वर शाईची गादी ठेवली. बाहेर पॉप्लरच्या फांद्यांवर रात्रीचं हिम होतं. पहारेकऱ्याने दार उघडून दिलं, विचारलं काही नाही. उलट शेवटची तीन खोकी त्यानेच उचलून चढवली. मैरमने कापडात गुंडाळलेली गरम नान असिपाच्या हातात दिली. "तुला आज रोजा नाही, मला माहितीय. रस्त्यात खा. आणि त्या उलबोसूनला सांग, तिच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर वाफेचे डाग आहेत, पण ओरखडा एकही नाही."

असिपा पुढच्या सीटवर बसली. मागे वळून तिने खोकी मोजली. अठरा.

कुबातने गाडी चालू करून हात चोळले. "दुपारच्या आत म्हणालीस ना? हिम नसेल तर अकरालाच पोचवतो. उडवत नेतो."

"नको, दादा," असिपा म्हणाली. "सावकाश चालवा. पुस्तकं आपली नाहीत."